कुंडीखालची बशी

दिवाळीच्या झाडलोटीत माळा निघतो, डबे घासले जातात. पण गॅलरीतल्या कुंडीखालची बशी मात्र कोणी उचलीत नाही. पाऊस सरल्यावरही डेंग्यूचे दुखणे रेंगाळते, त्याचे एक मूळ या बशीत असते. 'एडीस' डासाची मादी गटारापेक्षा असल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यापाशी अंडी घालते, आणि अंड्याचा डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात.

"मग पाणी ओतून टाकले की झाले!" असे आपण म्हणाल. तेवढ्याने भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला, बशीच्या काठाशी चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या दिवशी बशी नारळाच्या शेंडीने काठापर्यंत खसखसून घासावी व उन्हात पालथी घालावी.

बशी काढूनच टाकली, तर खालच्या बिऱ्हाडाशी भांडण ठरलेले! त्याला तोड अशी: बशीत काठोकाठ जाडी वाळू भरावी. निथळलेले पाणी वाळूत मुरते, उघडे राहत नाही. शिवाय माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागली, तरच झाडाला पाणी घालावे.

फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लँटची बाटली यांनाही घासण्याचा हाच वार लावावा. हे काम घरातल्या शाळकरी मुलांकडे सोपवून पाहा. ती वार चुकू देत नाहीत.