व्हीआर गेम लावला की गरगरतंय? आधी ‘अल्ट्रा’वरून खाली या

दिवाळीच्या सुट्टीत संगमनेरला मामाकडे गेलो होतो. मामेभावाने वर्षभर पैसे साठवून, उरलेले मामाच्या मागे लागून काढून, एक सेकंडहँड व्हीआर हेडसेट आणला होता. कॉलेजसाठी घेतलेला गेमिंग लॅपटॉप घरात होताच. पठ्ठ्याने केबल जोडली, गेमची सेटिंग उघडली आणि जे जे दिसलं ते सगळं ‘अल्ट्रा’वर नेलं. पाच मिनिटांत कपाळावर घाम, सातव्या मिनिटाला हेडसेट काढून बाथरूमकडे पळाला. नुकताच फराळ झाला होता, पुढचं सांगत नाही. संध्याकाळपर्यंत “आपल्याला व्हीआर सूटच होत नाही, विकून टाकतो” इथवर गाडी आली होती.

गंमत अशी की हाच मुलगा मोबाईलवर बीजीएमआय खेळताना ग्राफिक्स ‘स्मूथ’वर आणि फ्रेम रेट मिळेल तेवढा वर ठेवतो. चित्र साधं चालेल, अडकायला नको, हे त्याला नीट माहीत आहे. मग व्हीआरमध्ये उलटं का केलं? तो म्हणाला, “दादा, एवढे पैसे घातलेत, तर भारीच दिसलं पाहिजे ना!”

एकट्याची गोष्ट असती तर लिहिलं नसतं. पण महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि त्यापुढचं एक्सआर म्हणजे व्हीआरसकट ही सगळी दुनिया. ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार, असे आकडे त्यात आहेत. नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने ‘स्टीम फ्रेम’ हा नवा हेडसेट जाहीर केला, त्याआधी ऑक्टोबरमध्ये सॅमसंगचा ‘गॅलेक्सी एक्सआर’ आला. म्हणजे बातम्यांत व्हीआर जोरात आहे. पण उद्या या क्षेत्रात काम करणारी मुलं लोणी, कोपरगाव, संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतूनच यायची असतील, तर त्यांची व्हीआरशी पहिली ओळख बाथरूमच्या दारात संपून चालणार नाही. आणि ती संपते, तेव्हा बहुतेक वेळा दोष शरीराचा नसतो, सेटिंगचा असतो.

माळशेजची एसटी, पण उलटी

संगमनेरहून कल्याणला माळशेज घाटातून एसटीने गेला असाल तर आठवा. घाटात मोबाईलमध्ये डोकं घातलं की मळमळतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘आपण वळतोय’, डोळे सांगतात ‘समोरचा स्क्रीन स्थिर आहे’. मेंदूला दोन्ही साक्षी जुळवता येत नाहीत. व्हीआरमध्ये याच्या उलट होतं. डोळे सांगतात ‘आपण पळतोय’, शरीर मात्र खोलीत उभं.

हे काही नवीन नाही. आपल्या नगरला (कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे. रणगाडा किंवा विमान चालवायला शिकवताना जगभरच्या सैन्यांत सिम्युलेटर वापरतात, आणि त्यात बसणाऱ्यांना मळमळतं हे १९५० च्या दशकापासून नोंदवलेलं आहे. हा त्रास मोजायची १६ लक्षणांची एक प्रश्नावली १९९३ साली अमेरिकेत तयार झाली. आजही व्हीआरच्या अभ्यासात तीच वापरतात. तेव्हा गरगरलं म्हणून लाजायचं कारण नाही, प्रशिक्षित पायलटनाही गरगरलेलं आहे.

आता यात ग्राफिक्सचा संबंध कुठे येतो? तुम्ही मान वळवली की समोरचं चित्रही लगेच वळलं पाहिजे. मान हलल्यापासून नवं चित्र डोळ्यांपर्यंत पोचायला साधारण २० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागला तर मेंदू मान्य करतो. हेडसेट ९० हर्ट्झवर असेल तर प्रत्येक फ्रेम बनवायला लॅपटॉपला मिळतात फक्त ११.१ मिलिसेकंद. ७२ हर्ट्झवर १३.९. मोबाईलवर किंवा मॉनिटरवर एखादी फ्रेम चुकली तर गेम ‘अडकतो’ आणि आपण शिवी घालून पुढे जातो. व्हीआरमध्ये फ्रेम चुकली तर आख्खं जग क्षणभर तुमच्या डोक्याला चिकटून हलतं. मॉनिटरवर जे चिडचिडीवर भागतं, ते इथे पोटापर्यंत जातं.

आणि कामही कमी नसतं. क्वेस्ट २ किंवा क्वेस्ट ३एसमध्ये एका डोळ्याला १८३२ × १९२० पिक्सेल. दोन डोळ्यांचे मिळून सुमारे ७० लाख. ९० हर्ट्झने गुणा, सेकंदाला ६३ कोटी. साध्या फुल एचडी स्क्रीनवर ६० फ्रेमनी खेळताना हाच आकडा साडेबारा कोटींच्या आत असतो. म्हणजे पाचपट काम. शिवाय भिंगामुळे चित्र वाकतं, ते सरळ दिसावं म्हणून मुळात याहून मोठं चित्र बनवावं लागतं, ते वेगळंच. हॉस्टेलमध्ये सर्रास दिसणाऱ्या ४ जीबीच्या आरटीएक्स ३०५० लॅपटॉपवर ‘अल्ट्रा’ लावणं म्हणजे बुलेटला उसाची ट्रॉली जोडणं. ओढेल, पण घाट चढणार नाही.

मग नेमकं कुठून सुरुवात करायची

मामेभावाचा हेडसेट आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परत काढला. आधी ग्राफिक्सला हातच लावला नाही. त्याची दुसरी तक्रार होती ‘अक्षरं पुसट दिसतात’, आणि त्यावर उपाय म्हणून तो रिझोल्यूशन वाढवत सुटला होता. क्वेस्ट २ आणि ३एसमध्ये भिंगांच्या तीनच जागा असतात: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. दोन बाहुल्यांमधलं अंतर कंपासपेटीतल्या पट्टीने आरशासमोर मोजलं, भिंगं एक घर सरकवली, हेडसेट गालावर थोडा खाली-वर केला. अर्धी अक्षरं तिथेच स्वच्छ झाली. फुकटात. माझा अंदाज आहे की ‘ग्राफिक्स खराब’ म्हणणाऱ्या नवख्यांपैकी बऱ्याच जणांचं भिंगच चुकीच्या जागी असतं.

मग लॅपटॉप. तो गादीवर होता, टेबलावर आणला. चार्जर लावला. हे बारीक वाटेल, पण बॅटरीवर चालताना ग्राफिक्स कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही, त्याचा वेग आपोआप कमी होतो. आपल्याकडे खेळता खेळता लाईट गेली की मॉनिटरवर गेम फक्त मंद होतो, हेडसेटमध्ये मात्र एकदम घेरी येते. वायफायवर खेळत असाल आणि राऊटर इन्व्हर्टरवर नसेल तर चित्रच गोठतं. अशा वेळी डोळे मिटायचे आणि हेडसेट काढायचा, ‘येईल परत’ म्हणून बघत बसायचं नाही.

यानंतर सेटिंग. लिंकच्या ॲपमध्ये रिफ्रेश रेट ७२ वर आणला. नव्वद किंवा एकशेवीस ऐकायला छान वाटतं, आणि लॅपटॉप झेपवत असेल तर डोळ्यांना खरंच जास्त सुखाचं असतं. पण कधी ९० कधी ६० अशा धडपडणाऱ्या चित्रापेक्षा पक्के ७२ कधीही बरे. रिझोल्यूशन ‘ऑटोमॅटिक’. गेममधला प्रीसेट थेट ‘लो’.

स्टीमव्हीआरमध्ये फ्रेम टायमिंगचा आलेख दाखवायची सोय आहे, तो चालू केला. १३.९ मिलिसेकंदांची मर्यादा, आणि आमचं काम ८-९ मध्ये होत होतं. म्हणजे हातात चार-पाच मिलिसेकंद शिल्लक. यातले दोन-तीन तसेच ठेवायचे, कारण शांत खोलीत मिळणारा आकडा स्फोट आणि धुराच्या सीनमध्ये मिळत नाही. उरलेले कुठे खर्च करायचे, हा खरा प्रश्न. इथे मॉनिटरची सवय सोडून द्यावी लागते.

सावल्या सगळ्यात महाग, आणि खेळताना तुम्ही त्यांच्याकडे सगळ्यात कमी बघता. त्या ‘लो’वरच राहू द्या. मोशन ब्लर आणि डेप्थ ऑफ फील्ड दिसले तर लगेच बंद. सिनेमासारखं धूसर करणं मॉनिटरवर शोभतं, इथे फोकस करायचं काम तुमचे डोळे स्वतःच करत असतात, त्यात गेमने लुडबुड केली की डोकं दुखतं. स्क्रीन-स्पेस रिफ्लेक्शनही बंद: दोन डोळ्यांना पाण्यातलं प्रतिबिंब थोडं वेगवेगळं दिसतं आणि तो भाग चमचमत राहतो. टेक्स्चर मात्र ‘मीडियम’ चालतात, कार्डाच्या मेमरीत बसले तर वेगावर फारसा फरक पडत नाही. ४ जीबीच्या कार्डावर ‘हाय’चा मोह नको, मेमरी भरली की गेम झटके द्यायला लागतो. अँटी-अलायझिंगमध्ये एमएसएए २एक्स किंवा ४एक्स असेल तर ते घ्या. टीएए स्वस्त असतं, पण लांबचं सगळं धुक्यातल्यासारखं करून ठेवतं.

एवढं करून काही उरलं तर रिझोल्यूशन वाढवा. व्हीआरमध्ये डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतं तेच. फक्त एक लक्षात ठेवा, स्टीमव्हीआरमधला टक्का एकूण पिक्सेलचा असतो. १५० टक्के केलं की काम थेट दीडपट.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किमान वीस मिनिटं चालवून बघा. पाच मिनिटांत लॅपटॉप थंडच असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर दिवाळीत बसवलेली सेटिंग एक पायरी खाली आणावी लागेल हे गृहीत धरा.

अजून एक फसवी गोष्ट. लॅपटॉपला ९० फ्रेम जमल्या नाहीत की मेटाचं एएसडब्ल्यू ४५ खऱ्या फ्रेम घेतं आणि मधल्या ४५ स्वतः अंदाजाने रचून दाखवतं. स्टीमव्हीआरमध्ये यालाच मोशन स्मूदिंग म्हणतात. आकडा ९० दिसतो, पण हातांच्या कडा पाण्यातल्यासारख्या लहरतात. अडीनडीला सोय चांगली आहे. सेटिंग बसवताना मात्र ती बंद ठेवा, नाहीतर लॅपटॉपची खरी ताकद कळतच नाही.

केबलशिवाय खेळणाऱ्यांसाठी: इंटरनेटचा प्लॅन वाढवून उपयोग शून्य. चित्र लॅपटॉपपासून हेडसेटपर्यंत घरातल्या घरातच जातं. लॅपटॉप राऊटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि राऊटर त्याच खोलीत हवा. ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ ॲपमध्ये क्वालिटीची सगळ्यात खालची पायरी चक्क ‘पोटॅटो’ नावाची आहे. ३०५० वाल्यांनी बटाट्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे

आपल्या बहुतेक वाचकांचं हेच आहे. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओने ₹१,२९९ चा ‘जिओडाइव्ह’ आणला, ज्यात मोबाईल खुपसून बघता येतं. अशा डब्यात एका डोळ्याला अर्धाच स्क्रीन मिळतो, त्यामुळे जाळी दिसणारच, कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. विकत घेण्याआधी मोबाईलमध्ये जायरोस्कोप आहे ना ते बघा, स्वस्तातल्या काही फोनमध्ये तो नसतो आणि मग मान वळवून काहीच हलत नाही. बॅटरी सेव्हर बंद, डिस्प्ले जमेल तेवढ्या जास्त हर्ट्झवर, मागचं कव्हर काढलेलं. आणि पुढे-मागे झुकू नका. मोबाईलला मान वळलेली कळते, शरीर सरकलेलं कळत नाही, तिथेच गरगर सुरू होते. बसून ३६० अंशाचे व्हिडिओ बघायला ठीक, पळापळीचे गेम नकोत.

राहिला प्रश्न नव्या हेडसेटसाठी थांबायचं का. स्टीम फ्रेममधली एक कल्पना मला खरंच आवडली: डोळा जिकडे बघतोय तेवढाच भाग पूर्ण बारकाव्याने पाठवायचा, बाकी हलका. आपल्या डोळ्यालाही मधल्या दोनेक अंशांतच बारीक दिसतं, त्यामुळे फसवणूक कळत नाही. पण यात हलकं होतं ते वायफायवरचं ओझं. मूळ चित्र बनवायचं काम लॅपटॉपलाच करावं लागतं. त्याचा वायरलेस डोंगल ६ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि भारतात त्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. व्हॉल्व्हने आपलं स्टीम डेकसुद्धा भारतात अधिकृतपणे विकलेलं नाही, मेटाचे क्वेस्टही इथे आयात करणाऱ्या विक्रेत्यांकडूनच घ्यावे लागतात. बिघडलं तर वॉरंटीसाठी कुठे जायचं, हे पैसे देण्याआधी विचारा. मी मामेभावाला सांगितलं, आहे त्यावरच वर्षभर खेळ.

त्याने ‘लो’, ७२ हर्ट्झ, सावल्या बंद या सेटिंगवर आधी बीट सेबर खेळला. त्यात आपण एका जागी उभे असतो, त्यामुळे नवख्याला सगळ्यात सोपा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग पंधरा. चौथ्या दिवशी हाफ-लाइफ ॲलिक्स लावला, चालण्याऐवजी टेलिपोर्ट आणि स्नॅप टर्न ठेवून. कपाळावर घाम आला की लगेच थांबायचं ठरलं होतं, सवय होईल म्हणून रेटायचं नाही. आणि खेळून झाल्यावर अर्धा तास गाडीची किल्ली मामीकडे.