पहाऱ्यासाठी वेगळा रेडिओ?

वायफाय नीट येत नाही म्हणून कोणीतरी घरचा राउटर आणतो, टेबलामागच्या लॅन सॉकेटला जोडतो आणि कामाला लागतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण फायरवॉलला बगल देणारी वाट उघडते आणि ती भिंतीपलीकडच्या पार्किंगमधूनही गाठता येते. असे अनधिकृत ॲक्सेस पॉइंट हुडकायला हवेत, यावर दुमत नाही. कार्डाने पैसे घेणाऱ्यांना तर ‘पीसीआय डीएसएस’ मानकानुसार दर तीन महिन्यांनी ही तपासणी करावीच लागते. मतभेद आहे तो हे काम कोणत्या रेडिओकडे सोपवायचे यावर.

एका बाजूचे म्हणणे असे की, छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटनेच सेवा देता देता क्षणभर इतर चॅनेलवर कान द्यावा. नवे यंत्र नको, नवी केबल नको. तुटपुंज्या पैशांत चालणाऱ्या शाळेसाठी हा युक्तिवाद वजनदार आहे.

मात्र ॲक्सेस पॉइंट आपली ओळख सांगणारा बीकन साधारणपणे १०२ मिलिसेकंदांतून एकदा पाठवतो. पन्नासेक मिलिसेकंदांच्या धावत्या भेटीत तो हुकण्याचीच शक्यता जास्त. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेलही वीसहून अधिक, त्यामुळे फेरी लांबते. शिवाय वायफायवर फोन चालू असताना अनेक यंत्रणा हे ऐकणे पुढे ढकलतात. म्हणजे वर्दळ जास्त तेव्हाच पहारा ढिला.

निव्वळ ऐकणारा वेगळा रेडिओ ही उणीव भरून काढतो. दुसरीकडे, तो महाग पडतो आणि शेजाऱ्यांचे राउटर, वाटसरूंचे हॉटस्पॉट अशा सगळ्यांची नोंद करतो. त्यांतले आपल्या वायरवर कोण आहे, हे स्विचमधल्या मॅक पत्त्यांशी ताडून पाहणारा माणूस नसेल, तर सूचनांचा नुसता ढीग साचतो.

तरीही रुग्णालय, बँक अशा ठिकाणी वेगळा रेडिओच हवा, असे आम्हाला वाटते. तिथे धोका रुग्णाला आणि खातेदाराला सोसावा लागतो, आणि खर्चाचा निर्णय त्यांच्या हाती नसतो. लहान कार्यालयाने आधी रिकामे पोर्ट बंद करावेत. सेवा देता देता इतर चॅनेलवर डोकावणारा रेडिओ त्याला बहुधा पुरेल.

परक्या ॲक्सेस पॉइंटची जोडणी आपोआप तोडणारी सोय मात्र दोघांनीही बंद ठेवावी. नॅशव्हिलच्या हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट असे अडवल्याबद्दल मॅरियटने २०१४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेला, एफसीसीला, ६ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. पाहुण्यांना फसव्या हॉटस्पॉटपासून वाचवायचे होते, हा कंपनीचा दावा अगदीच पोकळ नव्हता. असे धोके खरेच असतात. पण परका रेडिओ शत्रूचाच आहे, हे यंत्राला खात्रीने सांगता येत नाही. त्यापेक्षा आपल्या स्विचवरचा पोर्ट शोधून बंद करावा, आणि राउटर आणणाऱ्याच्या खोलीत सिग्नल का पोचत नव्हता तेही त्याच दिवशी तपासावे.