लिफ्टची जागा भिंत बघून ठरवू नका



आज पिकाचं नाही, शेडाचं लिहितोय. घरात एक पिकअप, एक कार आणि आयटीआय करून आलेला पोरगा, अशी घरं आता गावोगाव आहेत. साध्या ऑइल बदलायलाही तालुक्याला जायचं, अर्धा दिवस घालवायचा, यापेक्षा आपल्याच शेडात दोन खांबी लिफ्ट बसवावी असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. विचार चांगला आहे. खड्ड्यापेक्षा लिफ्ट बरीच. खड्ड्यात पावसाळ्यात पाणी भरतं, उन्हाळ्यात साप-विंचू बसतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळं ती खड्ड्यातच साचून राहते.

पण माझं एक ठाम मत आहे. लिफ्ट कोणती घ्यायची यावर महिनाभर चर्चा चालते, आणि ती शेडात नेमकी कुठं उभी करायची हे बसवणारा माणूस आला की दहा मिनिटांत ठरतं. हे उलटं पाहिजे. जागा आधी ठरवा, ती जमीन तपासा, मग लिफ्टचे पैसे द्या. आणि जागा बसत नसेल तर लिफ्ट घेऊच नका.

"मधोमध टाका, शोभेल" किंवा "कोपऱ्यात सरकवा, शेड मोकळं राहील", हे दोन सल्ले हमखास मिळतात. दोन्ही सल्ले भिंत बघून दिलेले असतात. खरं तर जागा तीन गोष्टी ठरवतात: खालची जमीन, वर जाणारी गाडी आणि भोवती फिरणारा माणूस.

आधी जमीन

दोन खांबी लिफ्टचा खांब नुसतं वजन खाली देत नाही, तो ओढला जातो. गाडी दोन खांबांच्या मध्ये आर्मवर तोललेली असते. त्यामुळं प्रत्येक खांब आत, गाडीकडं झुकायला बघतो आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपटायला बघतात. द्राक्षाच्या मांडवाचे कडेचे अँगल आठवा. तारांच्या ओढीनं ते आत झुकू नयेत म्हणून आपण बाहेरून ताण देतो. लिफ्टच्या खांबाला असा बाहेरचा ताण नसतो. त्याला धरून ठेवतात फक्त बोल्ट आणि ते बोल्ट ज्यात रुतलेत ते काँक्रीट.

आता आपल्या शेडाची जमीन बघा. शहाबादी फरशी म्हणजे काँक्रीट नव्हे. दगडाच्या सोलिंगवर टाकलेला दोन-तीन इंचाचा कोबासुद्धा चालत नाही. चार टनी लिफ्टला काही कंपन्या चांगल्या प्रतीचं कमीत कमी ४ इंच काँक्रीट मागतात, काही ६ ते ८ इंच मागतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते खरं, पण कमीत कमी आकड्यावर थांबू नका. जुन्या कोब्याची जाडी कळायला सोपी युक्ती आहे. जिथं खांब येणार तिथंच ड्रिलनं आरपार भोक पाडा, टोक वाकवलेली तार आत सोडा, खालच्या कडेला अडकवा आणि मोजा. सगळ्या शेडात एकच जाडी असेल असं समजू नका. ट्रॉली जिथून आत येते तिथं जाड आणि मागं पातळ, असं सर्रास असतं.

इथं कृषी पदवीधर मंडळींनी लक्ष द्यावं, कारण ही गोष्ट मिस्त्रीपेक्षा तुम्हाला जास्त कळते. आपली काळी माती स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीची. पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तीच माती शेडाखालीही आहे. शेडाच्या मधली माती बऱ्यापैकी एकाच ओलीत राहते, पण कडेची माती दर पावसाळ्यात भिजते आणि दर उन्हाळ्यात सुकते. म्हणून कोबा कडेला आधी फुटतो. आणि आपण "कोपऱ्यात सरकवा" म्हणून खांब नेमका त्याच पट्ट्यावर आणून ठेवतो! एक खांब कडेच्या फुगणाऱ्या मातीवर आणि दुसरा आतल्या स्थिर मातीवर असेल, तर दोन्ही खांब ओळंब्यात राहतील तरी किती दिवस?

म्हणून काळ्या मातीवर नवीन काँक्रीट करायचं असेल तर आधी ती माती काढा, मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून धुमसा. किती खोल जायचं, सळई किती घालायची, हे स्थापत्य अभियंत्याला जागेवर आणून विचारा. त्याची फी लिफ्टच्या मानानं किरकोळ आहे. माझं मत असं की दोन खांबांसाठी दोन सुटे चौथरे करण्यापेक्षा दोन्हींच्या खालून एकच सलग पट्टा घ्यावा, म्हणजे माती हलली तरी दोन्ही खांब बरोबर हलतील. काँक्रीट ओतल्यावर २८ दिवस थांबा. पाणी नीट मारा. बसवणाऱ्याची तारीख मिळाली म्हणून दहाव्या दिवशी बोल्ट मारू देऊ नका.

खांब भेगेवर, काँक्रीटच्या जोडावर किंवा स्लॅबच्या अगदी कडेला येता कामा नये. किती अंतर सोडायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. आणि फरशीखालून ठिबकची मेन लाइन, वायरचा पाइप गेलाय का, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या. खांबाचे बोल्ट चार-पाच इंच खाली जातात.

मग गाडी

लिफ्टचे खांब गाडीच्या लांबीच्या मधोमध येत नाहीत, गाडीच्या तोलाच्या रेषेवर येतात. इंजिन पुढं, म्हणून रिकाम्या गाडीचा तोल मध्यापेक्षा पुढं असतो. पिकअपच्या हौद्यात खताच्या गोण्या असतील तर तोच तोल मागं सरकतो. म्हणून भरलेली पिकअप लिफ्टवर घ्यायची नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

एक उदाहरण मांडतो. शेड आतून १५ फूट रुंद, २४ फूट लांब. गाड्या दोन. पिकअप साधारण १७ फुटी, तिचा रिकामा तोल पुढच्या बंपरपासून सात फुटांच्या आसपास. कार पावणेतेरा फुटी, तिचा तोल सहा फुटांच्या आसपास. खांबांची रेषा शेडाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १२ फुटांवर घेतली, तर पिकअपच्या मागं २ फूटच उरतात. रोलिंग शटरची गुंडाळी आतल्या बाजूला असेल तर वर गेलेला हौदा त्याच्याजवळ पोचतो. तीच रेषा समोरच्या भिंतीपासून ११ फुटांवर घेतली तर पिकअपच्या पुढं ४ फूट, मागं ३ फूट. कारच्या पुढं ५ फूट. दोन्ही गाड्यांचं इंजिनाचं काम करता येतं आणि शटरही बंद होतं. फरक फक्त एका फुटाचा, पण खांब एकदा रोवला की तो फूट परत मिळत नाही. तुमच्या गाड्यांची मापं तुम्ही घ्या, माझे आकडे उचलू नका.

खांबांचा प्रकारही इथंच ठरवा. एका प्रकारात खांब समोरासमोर आणि आर्म सारख्या लांबीचे असतात. पिकअप, जीप अशा चासीच्या गाड्यांना हा बरा, पण कारचं दार खांबाला लागतं. दुसऱ्या प्रकारात खांब थोडे फिरवलेले, पुढचे आर्म आखूड आणि मागचे लांब असतात. यात गाडीचा मोठा भाग खांबांच्या मागं राहतो आणि दार उघडतं. आपल्याकडं जास्त काम कोणत्या गाडीवर होणार ते बघून घ्या.

ट्रॅक्टर या लिफ्टवर घ्यायचा विचारही करू नका. ट्रॅक्टरला कारसारखे आर्म लावायचे पॉइंट नसतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडून त्याचा सांगाडा बनतो. ही लिफ्ट त्याच्यासाठी बनवलेलीच नाही.

उंचीत लोक सगळ्यात जास्त फसतात. खांब उभे राहिले म्हणजे लिफ्ट बसली असं नाही. वर बीम असलेल्या लिफ्टला जवळपास १२ फूट उंची लागते. खालून पट्टी असलेली लिफ्ट साडेनऊ फुटांत बसते, म्हणून लोक ती घेतात. पण गाडी तर वर जाणारच ना! बोलेरो सव्वासहा फुटांच्या आसपास उंच. तिच्याखाली माणूस ताठ उभा राहायचा तर ती सहा फूट उचलावी लागते. बेरीज सव्वाबारा फूट. पत्रा दहा फुटांवर असेल तर बोलेरोखाली तुम्ही बसूनच काम करणार. वर बीमवाल्या लिफ्टला गाडीचं छप्पर लागलं की मोटर बंद करणारी दांडी असते. खालून पट्टीवाल्या लिफ्टला बहुतेक वेळा ती नसते, तिथं डोळेच उपयोगाला. एकपाखी शेड असेल तर गाडीची उंच बाजू, म्हणजे केबिन, शेडाच्या उंच बाजूला येईल असं बघा. उंची पत्र्यापासून मोजू नका. कैची, पर्लिन, पंखा, ट्यूबलाइट यांपैकी जे सगळ्यात खाली लोंबतंय तिथून मोजा.

शेवटी माणूस

लिफ्टची बाहेरून बाहेर रुंदी सव्वाअकरा फुटांच्या आसपास भरते. १५ फुटी शेडात ती मधोमध टाकली तर दोन्ही बाजूंना दोन फूटही उरत नाहीत. मग दोन्हीकडून माणूस आडवा होऊन जातो. त्यापेक्षा एक बाजू पुस्तिकेत दिलेल्या किमान अंतरापर्यंत भिंतीकडं न्या आणि दुसऱ्या बाजूला अडीच-तीन फुटांची खरी वाट ठेवा. मोटर आणि लॉक सोडायची मूठ असलेला खांब याच वाटेच्या बाजूला हवा. गाडी वर असताना काही कुरकुरलं तर माणसाला पळायला मोकळी वाट पाहिजे. त्या वाटेत फवारणी पंप, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी, पेंडीची पोती ठेवायची असतील तर लिफ्ट न घेतलेली बरी. आणि कडबा व औषधांचे डबे त्या शेडात नकोतच. ग्राइंडरची ठिणगी कुठंही उडते.

विजेचाही विचार जागेबरोबरच करा. मोटर साधारण ३ एचपीची असते. शेतीची थ्री फेज ठरावीक तासच मिळते, आणि शेतीपंपाच्या जोडणीवर लिफ्ट चालवणं नियमातही बसत नाही. घरच्या मीटरवरून लांब, बारीक वायर ओढली तर शेवटाला व्होल्टेज पडतं आणि मोटर गुरगुरते. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गाडी वर नेऊन लॉकवर टेकवल्यावर खाली आणायची तर आधी थोडी वर उचलावी लागते, तेव्हाच लॉक सुटतात. म्हणजे मध्येच लाइट गेली तर गाडी वरच. अशा वेळी लॉकशी खटपट करायची नाही, चहा प्यायचा.

आठ दिवसांची चाचणी

पैसे देण्याआधी एवढं करा. फक्कीनं जमिनीवर दोन्ही खांबांच्या जागा आखा. तिथं २०० लिटरचे दोन रिकामे ड्रम उभे करा. आठ दिवस ते तसेच राहू द्या. पिकअप आत घ्या, बाहेर काढा, दारं उघडा, रात्री शटर लावा, पोती उतरवा. ड्रम सारखे आडवे येत असतील तर खांबही येणार आहेत. ड्रम सरकवता येतो.

मोठ्या भावाच्या नात्यानं पोरांना एवढंच सांगणं आहे. गाडी वर घेताना आधी चाकं जमिनीपासून वीतभर उचला, गाडी हलवून बघा, मग पुढं न्या. दोन्ही खांबांचे लॉक लागल्याचा आवाज ऐका. भार लॉकवर टेकवल्याशिवाय खाली जाऊ नका. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणार असाल तर तोल बदलतो, म्हणून उंच स्टँड लावल्याशिवाय नट सोडू नका.

आणि ज्यांच्या शेडात हे काही बसत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. चांगला जॅक, चार मजबूत स्टँड आणि पक्का कोबा एवढ्यावर घरची बरीच कामं होतात. लिफ्टचे पैसे आधी जमिनीत घाला. काँक्रीट पक्कं झालं की लिफ्ट पुढच्या हंगामातही घेता येते. तोवर तिथं धान्य उतरवा, ट्रॉली लावा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. भेग पडली नाही तरच ती जागा लिफ्टची.

तुमच्या शेडाची मापं आणि जमीन कशी आहे ते कळवा, त्यावर बोलू.