गुडघा दुखतो, उंची वाढते म्हणून?

आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा प्रार्थनेच्या रांगेत नेहमी शेवटी उभा राहायचा. वर्गात सर्वांत उंच. एकदा खेळाच्या तासाला तो बसून राहिला. उजवा गुडघा दुखत होता. "उंची वाढतेय, म्हणून दुखतंय," असे अम्मीचे म्हणणे. दादीने नजर उतरवली, रोज तेल चोळले. मीही म्हणाले, "खेळताना मार लागला असेल." दोन महिने गेले. गुडघ्याच्या वर सूज दिसली तेव्हा एक्स-रे काढला. हाडाचा कॅन्सर निघाला.

"टीचर, उंच आहे म्हणून झालं का हो हे?" अम्मीने रडत विचारले.

या आजाराचे नाव ऑस्टिओसार्कोमा. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात तो जास्त दिसतो, तोही बहुधा गुडघ्याजवळ. कारण तिथली हाडे सर्वांत वेगाने वाढतात. 1967 मध्ये अमेरिकेतील डॉ. जोसेफ फ्रॉमेनी यांना अशी मुले इतर कॅन्सरच्या मुलांपेक्षा उंच आढळली. पुढच्या अभ्यासांतही तेच दिसले. पण हा आजार फार दुर्मीळ आहे. बहुतेक उंच मुलांना तो कधीच होत नाही आणि बुटक्या मुलांनाही होऊ शकतो. तेव्हा उंचीची भीती नको, मुलाचे दूध-अंडी तर मुळीच बंद करू नका.

लक्ष ठेवायचे ते दुखण्याकडे. लहान मुलांचे वाढीच्या वयातले साधे दुखणे बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते; सकाळी मूल पुन्हा उड्या मारते. पण एकाच जागी सतत दुखत असेल, दुखण्याने झोपमोड होत असेल, सूज किंवा लंगडणे दिसत असेल, तर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका. मालीश, हाड बसवणे नको. डॉक्टरांना दाखवा, एक्स-रेबद्दल विचारा. दुआ जरूर करा, पण तपासणी पुढे ढकलू नका.

आजार शरीरात पसरण्याआधी सापडला, तर केमोथेरपी आणि ऑपरेशनने बरीच मुले बरी होतात. पुष्कळदा पायही वाचवता येतो. आमच्या मुलाचा पाय वाचला. यंदा तो दहावीला बसतोय, अल्हम्दुलिल्लाह. त्या दोन महिन्यांची खंत मात्र माझ्या मनातून जात नाही. आता वर्गात कुणी लंगडताना दिसले की मी त्याच दिवशी घरी फोन करते.