कोड आहे, पण चालत नाही

दहा वर्षांपूर्वीचा एखादा वैज्ञानिक निष्कर्ष आज पडताळायचा, तर त्यामागचा संगणकीय प्रोग्राम पुन्हा चालवावा लागतो. मुक्तस्रोत प्रोग्रामचा मूळ कोड मिळतो. पण त्याचे ‘बिल्ड’ होईल, म्हणजे त्यापासून चालता प्रोग्राम तयार होईल, याची खात्री नसते. कोडचे एक अक्षरही बदललेले नसते. बदलतात ती भोवतालची साधने.

२०२० मध्ये याची ठळक उदाहरणे दिसली. १ जानेवारीला ‘पायथॉन २’ची अधिकृत देखभाल थांबली. मे महिन्यात ‘जीसीसी’ या कंपायलरची दहावी आवृत्ती आली. सी भाषेत एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत मांडण्याची जुनी ढिलाई तिने आपणहून चालवून घेणे बंद केले आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार तयार होणारे प्रोग्राम अडले. जुनी सवलत पुन्हा द्यायला कंपायलरला एक सूचना पुरते; पण नेमके काय बिघडले, हे शोधण्यात दिवस जातात.

म्हणूनच ‘रीसायन्स सी’ या नियतकालिकाने संशोधकांना २०१० पूर्वीच्या स्वतःच्या शोधनिबंधांचा कोड पुन्हा चालवून दाखवण्याचे आव्हान दिले. ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा प्रकल्प २०१६ पासून मूळ कोड जतन करतो आहे. पण जपलेला कोड चालायलाही हवा. त्यासाठी कंपायलर आणि लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या कोडसोबतच नोंदवायला हव्यात. शिवाय ही दुरुस्ती बहुधा फावल्या वेळात, विनामोबदला होते. तिला संशोधनाचाच भाग मानून निधी मिळाला नाही, तर जुने निष्कर्ष विश्वासावरच स्वीकारावे लागतील.