गुलाबी पाणी आणि चेतापेशी

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून कारण सांगितलं: खारटपणा वाढल्याने हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले होते.

बातमी तिथे संपली. विज्ञानाची गोष्ट मात्र पुढेच रंगते.

काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टिपटलात रेटिनल नावाचा, अ जीवनसत्त्वापासून बनणारा रेणू असतो. प्रकाश पडताच हा वाकलेला रेणू सरळ होतो, पेशीचा विद्युतदाब बदलतो आणि संदेश पुढच्या चेतापेशींकडे जातो. तीन प्रकारच्या शंकुपेशींकडून आलेल्या संदेशांची तुलना होते, तेव्हा कुठे 'गुलाबी' रंग ठरतो.

नवल असं, की हॅलोआर्कियाच्या अनेक जातींकडेही हेच रेटिनल असतं! इजिप्तमधल्या खाऱ्या, अल्कधर्मी तळ्यांतल्या अशाच एका जातीचं हॅलोऱ्होडोप्सिन हे प्रथिन संशोधकांनी २००७ मध्ये चेतापेशींत बसवलं. पिवळा प्रकाश टाकला, की क्लोराइडचे आयन आत शिरतात आणि पेशी गप्प होते. प्रकाश काढला, की पुन्हा बोलू लागते. मेंदूतली कोणती जोडणी कोणतं काम करते, हे त्यामुळे जिवंत प्राण्यात तपासता येऊ लागलं.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. तिथे पर्यटक उल्काविवर पाहायला येतात, मंदिरं पाहतात. पाण्यातल्या या सूक्ष्म रहिवाशांची दखल क्वचितच घेतली जाते. सरोवरात मिसळणारं सांडपाणी रोखण्याची मागणी त्यांच्यासाठीही व्हायला हवी, असं या मासिकाचं ठाम मत आहे.