चुकांची सभा: कॉडमनच्या मागणीचा अर्धाच स्वीकार

१/ न्यूरोसर्जरीच्या प्रशिक्षणात एक सभा अशी असते, जिथे यशस्वी शस्त्रक्रियांची चर्चा होत नाही. तिचे नाव मॉर्बिडिटी अँड मॉर्टॅलिटी कॉन्फरन्स, बोलीत 'एम अँड एम'. निवासी डॉक्टर उभा राहतो आणि कोणता रुग्ण दगावला, कोणाचा हात लुळा पडला, कोणाची वाचा गेली, हे क्रमाने मांडतो. मग प्रश्न येतात. शस्त्रक्रिया करायलाच हवी होती का? उशीर झाला का? दुसरा मार्ग होता का?

२/ वैद्यकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून या सभेकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु तिचे मूळ ज्याच्यापर्यंत नेले जाते, त्या अर्नेस्ट कॉडमनची मागणी याहून मोठी होती. व्यवसायाने तिचा अर्धा भाग स्वीकारला आणि उरलेला अर्धा सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

३/ कथा बोस्टनमधून सुरू होते. १८९३ साली हार्वर्डचा एक विद्यार्थी रुग्णाला इथरची भूल देत असताना तो रुग्ण दगावला. विद्यार्थ्याचे नाव हार्वे कुशिंग. वैद्यक सोडून द्यावे, इथपर्यंत त्याचे मन खचले. 'असे होतच असते' हीच त्या काळची रीत होती. भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवलेले असे आणि त्याची नोंद कोणी ठेवत नसे.

४/ कुशिंग आणि त्याचा वर्गमित्र कॉडमन यांनी पैज लावली: चांगली भूल कोण देतो ते पाहायचे, हरणाऱ्याने जेवण द्यायचे. पण चांगले-वाईट ठरवायचे तर नोंद हवी. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर टिपण्याचे तक्ते त्यांनी तयार केले. आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असलेल्या भूल-नोंदीचे हे पूर्वरूप होय.

५/ पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कुशिंग आधुनिक न्यूरोसर्जरीचा जनक ठरला. मेंदूच्या गाठींवरील त्याच्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष लुईझ आयझेनहार्ट एका छोट्या काळ्या वहीत नोंदवीत. त्या त्याच्या साहाय्यक म्हणून आल्या आणि पुढे स्वतः वैद्यक शिकून मज्जासंस्थेच्या विकृतिशास्त्रज्ञ झाल्या. १९३२ साली कुशिंगने २,००० सिद्ध गाठींचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच शस्त्रक्रियेतील मृत्यूंच्या टक्केवारीचा उल्लेख होता.

६/ कॉडमनचा प्रश्न त्याहून साधा होता आणि म्हणूनच अधिक बोचरा. रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय झाले? प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवावे, वर्षभराने त्याची चौकशी करावी, उपचार फसला असेल तर का फसला ते लिहावे आणि हे सारे लोकांसमोर ठेवावे. त्याच्या 'अंतिम परिणाम' या कल्पनेचा गाभा एवढाच.

७/ मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती सेवाज्येष्ठतेने मिळे. कौशल्य मोजलेच जात नसेल तर ज्येष्ठता कशाची, असे विचारत १९१४ साली त्याने राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्याने ३३७ रुग्णांचा हिशेब ठेवला आणि त्यांतील १२३ चुका छापून जाहीर केल्या. त्यांत त्याच्या स्वतःच्याही चुका होत्या.

८/ जानेवारी १९१५ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत त्याने एक व्यंगचित्र उलगडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग डॉक्टरांच्या दिशेने सोन्याची अंडी लाथाडतो आहे. शहामृग म्हणजे श्रीमंत रुग्णवर्ग. खरे कळले तर अंडी मिळतील का, हा चित्रातला प्रश्न. सभेत गदारोळ झाला. स्थानिक संघटनेतील अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधील अध्यापनाची जागाही गेली.

९/ त्याच्या विचारांचा माग अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सपर्यंत गेला. या संस्थेने १०० वा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. किमान निकष पूर्ण करणारी निघाली ८९. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात ही आकडेवारी जाहीर झाली, मात्र रुग्णालयांच्या नावांची यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून तिथल्याच भट्टीत जाळण्यात आली. आकडा राहिला, नावे गेली. पुढील शतकाची दिशा या एका प्रसंगात दिसते.

१०/ कारण सभा टिकली ती बंद दाराआड. १९८३ पासून अमेरिकेत निवासी प्रशिक्षणाच्या मान्यतेसाठी ती आवश्यक ठरली. चर्चा मोकळी व्हावी म्हणून दार बंद असणे समजण्यासारखे आहे. खटल्याची टांगती तलवार असेल तर कोण खरे बोलेल? तिशीतला निवासी डॉक्टर आपला चुकलेला निर्णय वीस सहकाऱ्यांसमोर मांडतो, तेव्हा त्याला ते संरक्षण मिळायलाच हवे.

११/ पण दाराआडही सत्ता असते. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स बॉस्क यांनी शल्यचिकित्सकांच्या प्रशिक्षणाचे जवळून निरीक्षण करून १९७९ साली पुस्तक लिहिले. हात चुकला आणि तो तत्काळ कबूल केला तर क्षमा मिळते. लपवाछपवीला क्षमा नाही, असे त्यांना दिसले. सभेत ज्येष्ठ शल्यचिकित्सक पुढे होऊन दोष स्वतःकडे घेत, हेही त्यांनी नोंदवले. सभेची खरी परीक्षा इथेच आहे. ज्येष्ठ उभे राहतात तिथे ती शिकवते. केवळ कनिष्ठाला उभे केले जाते तिथे ती गप्प राहायला शिकवते.

१२/ भारताचाही या परंपरेशी धागा जुळतो. कुशिंगच्या हाताखाली काम केलेले वाइल्डर पेनफील्ड यांनी माँट्रियलमध्ये न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभारली. तिथे शिकलेल्या जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. म्हणजे नोंदवहीचा हा वारसा आपल्याकडे परका नाही.

१३/ तेव्हा दार उघडा, अशी मागणी करणे चूक ठरेल. चर्चा बंद राहावी, हिशेब मात्र उघडा असावा. कोणत्या शस्त्रक्रियेत किती रुग्ण दगावले, किती अपंग झाले, वर्षभराने किती जण कामावर परतले, हे आकडे रुग्णाचे नाव न घेता छापता येतात. अवघड रुग्ण स्वीकारणाऱ्या विभागाचे आकडे वाईट दिसतील, ही भीती रास्त आहे. म्हणून रुग्णांची गंभीरता त्याच तक्त्यात द्यावी. आकडे लपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

१४/ कुशिंगने जपलेल्या मेंदूंचा आणि नोंदींचा संग्रह येल विद्यापीठात २०१० पासून पाहता येतो. कॉडमन १९४० साली वारला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१४ साली. दोघांनी एकाच कागदावर नाडी टिपायला सुरुवात केली होती. त्यांतल्या एकाचे ऋण वैद्यकाने मानले, दुसऱ्याचे अजून फिटायचे आहे. ते दगडाने फिटत नाही. रुग्णालयांनी छापलेल्या वार्षिक हिशेबाने फिटेल.